रंधा, वाद्यनिर्मितीचा
रंधा, वाद्यनिर्मितीचा : व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांसारख्या तंतुवाद्यांच्या फुगीर फळ्या तासण्यासाठी वापरण्यात येणारा, बोटांच्या चिमटीत मावेल एवढा लहान रंधा. इंग्रजीत यास ‘फिंगर प्लेन’ म्हणतात. त्याची लांबी सामान्यतः २ ते ५ सेंमी. असून पात्याची रुंदी ६ ते १८ मिमी. असते. सुताराच्या नेहमीच्या रंध्याहून तो केवळ आकारानेच वेगळा आहे असे नव्हे. सुताराचा रंधा सपाट असतो, कारण त्याने पृष्ठभाग सपाट करावयाचा असतो. या रंध्याचा तळ बहुधा लांबीत व रुंदीत अशा दोन्ही दिशांनी बहिर्वक्र असतो आणि त्याने पृष्ठभागाची वक्रता राखावयाची असते.

व्हायोलिनची वरची फळी स्प्रूसच्या व पाठीची फळी मॅपलच्या लाकडाची असते. या फळ्या वाकवून फुगीर केलेल्या नसतात. जाड लाकडातून त्या बाहेरून व आतून कोरून काढतात. सु. ३५.५ सेंमी. लांबीच्या या फळीचा फुगवटा मध्यभागी सु. १५ मिमी. उंच असतो आणि काम पूर्ण झाल्यावर वरच्या फळीची जाडी बहुतेक ठिकाणी २.५ ते ३ मिमी. एवढीच उरते. पाठीची फळी मध्यभागी ४ ते ५ मिमी. व कडांकडे सु. २.५ मिमी. ठेवतात. चारही तारा स्वरात लावल्यावर त्यांचा एकूण ताण सु. २० ते २५ किग्रॅ. भरतो व घोडीच्या द्वारे त्याचा बराच मोठा अंश या पातळ फळीवर खाली दाबला जातो. फळी आवश्यकतेपेक्षा जाड राहिली, तर वाद्याचा आवाज कोंडल्यासारखा होतो. ती पातळ झाली, तर काही वर्षांत खचण्याचा धोका असतो. तासून गेलेले लाकूड परत जोडता येत नाही. त्यामुळे शेवटचा एक-दीड मिलिमीटर ज्या हत्याराने काढावयाचा, ते हत्यार किती लाकूड काढते हे आधी ठरवता आले पाहिजे. गोल पटाशीने हे साधत नाही. पटाशी हाताच्या जोराप्रमाणे खोल जाते आणि तंतू उलटे असतील तेथे तिच्या पुढे लाकूड फाटत जाते. रंध्यात मात्र पाते तळाबाहेर जेवढे काढलेले असेल तेवढ्याच जाडीचा पापुद्रा निघतो व पात्याच्या लगेच पुढे असलेला तळाचा भाग लाकडाचे तंतू दाबून धरतो.

रंधा हे हत्यार प्राचीन असून पाँपेई येथील अवशेषांत रोमन रंधे मिळाले आहेत. इटलीतील क्रेमोना हे गाव सोळाव्या शतकापासून व्हायोलिननिर्मितीचे केंद्र होते. तेथील आंतोन्यो स्त्रादीव्हारी (सु. १६४४–१७३७) याच्या कार्यशाळेतील लाकडी साचे, नमुने, आकृत्या व काही हत्यारे काउंट कोत्स्यो दी सालाबूए याने १७७५-७६ मध्ये स्त्रादीव्हारीच्या मुलाकडून विकत घेतली. पुढे १९२० मध्ये वाद्यकार जूझेप्पे फ्योरीनी याने ती मिळवली व १९३० मध्ये क्रेमोना शहरास दिली. २०१३ मध्ये उघडलेल्या तेथील व्हायोलिन संग्रहालयात ती आता आहेत. क्रेमोनाच्या व्हायोलिननिर्मितीच्या परंपरागत कसबाचा युनेस्कोने २०१२ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

लहान रंधे पितळेचे किंवा कांशाचे ओतीव मिळतात. ते जड असल्याने हातात स्थिर राहतात व त्यांचा तळ झिजत नाही. तरीही अनेक वाद्यकार स्वतःचे लाकडी रंधे स्वतःच तयार करतात आणि यामागे केवळ हौस नाही. प्रत्येकाच्या फुगवट्याचा आकार वेगळा असतो, त्यामुळे तळाची वक्रताही वेगळी लागते. लाकडी तळ कानशीने हवा तसा बदलता येतो. धातूच्या बाबतीत हे काम कष्टाचे आहे. शिवाय एका कारागिरास एक रंधा पुरत नाही. बाहेरचा फुगवटा, आतला खोलगट भाग व कडेची अरुंद पन्हळ यांसाठी निरनिराळ्या वक्रतेचे तीन-चार रंधे तरी लागतात.

रंध्याच्या अंगासाठी घट्ट, बारीक पोताचे व पूर्ण वाळलेले लाकूड घेतात. युरोपात बॉक्सवुड, नासपती, मॅपल ही लाकडे वापरतात. शिसवी लाकूडही यासाठी उत्तम आहे. पूर्वीच्या पद्धतीत अखंड ठोकळ्यास पटाशीने आरपार भोक पाडून पात्याची जागा करीत. एवढ्या लहान ठोकळ्यात हे फार जिकिरीचे असते. म्हणून आता बहुधा ठोकळा उभा चिरून त्याचे तीन भाग करतात. मधला भाग पात्याच्या रुंदीपेक्षा किंचित, सु. अर्धा मिमी., अधिक रुंद ठेवतात व दोन्ही बाजूंच्या फळ्या ४ ते ५ मिमी. जाड ठेवतात. मधला भाग करवतीने तिरपा कापून त्याचे दोन तुकडे करतात. मागच्या तुकड्याचा उतार तळाशी ४५° चा कोन करतो व त्यावर पाते टेकते. पुढच्या तुकड्याचा उतार सु. ६०° चा असून त्याच्या कडेने पापुद्रा वर निघून जातो. कठीण व लहरदार मॅपलसाठी पात्याचा कोन ५०° ते ५५° ठेवल्यास लाकूड कमी फाटते. नंतर हे चारही तुकडे सरसाने जोडून शेगड्यात घट्ट दाबून ठेवतात. चार सेंमी. लांबीचा तुकडा शेगड्यात नीट धरता येत नाही व करवत चालवताना बोटांना धोका असतो. त्यामुळे १५ ते २० सेंमी. लांबीच्या एकाच पट्टीत दोन-तीन रंध्यांचे काम करून ते शेवटी वेगळे कापणे श्रेयस्कर.

पात्यावरून आडवी जाणारी सु. ३ मिमी. जाडीची पितळी सळई दोन्ही बाजूंच्या फळ्यांत बसवतात. सळई व पाते यांच्यामध्ये त्याच लाकडाची निमुळती पाचर ठोकली, की पाते पक्के होते. पाचरीचा उतार ८° ते १०° पुरेसा असतो. उतार अधिक असेल तर पाचर काम करता करता सुटते आणि फार कमी असेल तर अडकून बसते.

पाते उच्च कार्बनी पोलादाचे, २ ते ३ मिमी. जाड असावे. पातळ पाते थरथरते व लाकडावर लाटांसारख्या खुणा उमटवते. जुन्या कानशीचा तुकडा पुष्कळदा उपयोगी पडतो. तो तांबडालाल तापवून हळूहळू निवू दिला, की मऊ होतो व त्यास आकार देता येतो. आकार दिल्यावर चुंबक चिकटेनासा होईपर्यंत व त्याहून किंचित अधिक तापवून तेलात बुडवतात. या पाणी दिलेल्या स्थितीत पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून ते घासून चकचकीत करून पुन्हा २०० ते २२० °से. पर्यंत, म्हणजे पृष्ठभागावर गवती पिवळा रंग येईपर्यंत तापवतात. धारेचा कोन २५° ते ३०° ठेवतात. पात्याची पाठ दगडावर आरशासारखी सपाट केल्याशिवाय धार टिकत नाही.

सर्वांत नाजूक भाग तळाचा आहे. जोडलेल्या ठोकळ्यात दोन्ही उतार तळाशी एकमेकांना भिडलेले असतात, म्हणून रंध्याचे तोंड प्रारंभी बंद असते. तळ कानशीने खाली नेला, की ते उघडू लागते. पापुद्रा जेमतेम निघेल एवढे उघडताच थांबावे. तळ गोल करताना कडेचे लाकूड मधल्यापेक्षा अधिक जाते, त्यामुळे तोंड कडांशी थोडे रुंद होते. हा दोष नव्हे, ते या रचनेत अटळच आहे. तळाचा सर्वांत खालचा बिंदू मात्र तोंडापाशीच आला पाहिजे. तो मागे वा पुढे सरकला तर पाते लाकडाला टेकत नाही आणि टेकवण्यासाठी ते अधिक बाहेर काढावे लागते. मग पापुद्र्याच्या जाडीवर ताबा राहत नाही. तळाची वक्रता फळीच्या आतल्या खोलगटपणापेक्षा थोडी तीव्र असावी. अन्यथा रंधा पुढच्या व मागच्या टोकांवर तरंगतो.

तळाच्या गोलाईचा कागदी नमुना काढून पात्याची धार हुबेहूब तशीच घासली, तर ती जुळत नाही, असा अनुभव नवशिक्यास हमखास येतो. पाते तिरपे असल्याने त्याच्या धारेची गोलाई तळाच्या गोलाईहून अधिक लागते. उदा., तळाच्या आडव्या गोलाईची त्रिज्या १५ मिमी. व पात्याची रुंदी १२ मिमी. असेल, तर पात्याच्या कडांपाशी तळ मध्यापेक्षा सु. १.२५ मिमी. वर असतो. पाते ४५° कोनात असल्यास त्याच्या कडा सु. १.४१ पट, म्हणजे १.७५ मिमी.हून थोड्या अधिक, मागे घासाव्या लागतात. व्यवहारात कोणी गणित करीत नाही. पाते रंध्यात बसवून तळाच्या रेषेत डोळा लावून बघतात व उंच राहिलेला भाग खुणेप्रमाणे घासतात.

वापरताना अंगठा व मधले बोट दोन्ही बाजूंस आणि तर्जनी पुढच्या भागावर ठेवून रंधा ओढतात वा ढकलतात. काही रंध्यांना मागे दांडा असतो व तो तळहातात बसतो. पाते पुढे घेण्यासाठी त्यावर व मागे घेण्यासाठी रंध्याच्या पाठीवर लहान हातोडीने हलकेच ठोकतात. गोल पटाशीने एक-दोन मिमी. लाकूड राखून काम थांबवतात. तेथून पुढे आधी आडव्या दिशेने व मग फुगवट्याच्या दिशेने रंधा चालवतात आणि जाडीमापकाने वारंवार मोजतात. मॅपलच्या सुंदर लहरी पाहणाऱ्यास सुखावतात, परंतु कारागिरास त्याच जाचक ठरतात. तेथे तंतूंची दिशा दर काही मिमी.ला उलटते. अशा ठिकाणी दातेरी पाते घालतात. त्याने लाकूड सलग निघत नाही, पण फाटतही नाही. स्प्रूसमध्ये अडचण वेगळी असते. बोथट पाते वार्षिक वलयांतील मऊ पट्टे कापण्याऐवजी चेपते. हे पट्टे नंतर पुन्हा वर येतात व गुळगुळीत दिसणारी फळी काही दिवसांनी खडबडीत होते. रंध्यानंतर खरवडण्याच्या पातळ पोलादी पट्टीने खुणा नाहीशा करतात आणि फळी दोन बोटांत धरून तिच्यावर टिचकी मारून नाद ऐकतात.

भारतीय वाद्यांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला आहे. मिरजेत होणाऱ्या सतार व तानपुऱ्याचा भोपळा निसर्गानेच गोल दिलेला असतो आणि कारागिराच्या हातातील सूक्ष्म काम बऱ्याच अंशी घोडीच्या जवारीत, कानशीच्या साहाय्याने होते. व्हायोलिनच्या फळ्या आता अनेक ठिकाणी संगणकनियंत्रित यंत्रांवर कोरल्या जातात. तरी चांगल्या वाद्यांच्या बाबतीत शेवटचा थर बहुधा हातानेच काढतात, कारण एकाच झाडाच्या दोन फळ्यांचीही घनता सारखी नसते.