वर्गणीची वही आणि साथीचा काळ

श्रावण लागला की महाराष्ट्रातील गल्लीबोळांतून चार-पाच कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन फिरू लागतात. कोणत्या मजल्यावर कोण राहते, कोणत्या घरी आजीचे अंथरूण धरलेले आहे, कोणाचा मुलगा परगावी नोकरीस गेला आहे आणि दरवर्षी 'उद्या या' असे चार वेळा सांगून पाचव्या वेळी कोण शंभराची नोट काढतो, हे सारे त्यांना ठाऊक असते. सार्वजनिक उत्सव म्हटला की उंच मूर्ती, रोषणाई आणि मिरवणूक डोळ्यांसमोर येते. परंतु मंडळाची खरी मालमत्ता म्हणजे घराघरांची ही ओळख. एरवी ती कोणाच्या नजरेत भरत नाही. २०२० च्या कोरोना साथीत मंडप, मिरवणूक आणि गर्दी या तिन्ही गोष्टी एकदम दूर झाल्या, तेव्हा मंडळांजवळ उरली ती हीच.

साथीने सणांना गाठले तेही वर्षाच्या पहिल्या दिवशी. देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस २५ मार्च २०२० हा होता आणि त्याच दिवशी गुढीपाडवा होता. १९९९ साली डोंबिवलीत सुरू होऊन पुढे गिरगाव, ठाणे, पुणे अशी पसरत गेलेली नववर्ष स्वागतयात्रा त्या वर्षी निघाली नाही. गुढ्या उभ्या राहिल्या त्या खिडक्यांत आणि गच्च्यांवर. १ जुलैच्या आषाढी एकादशीसाठी संतांच्या पादुका एस. टी. च्या बसमधून पंढरपुरास गेल्या आणि वारीची वाट वारकऱ्यांवाचून राहिली. ऑगस्टमध्ये दहीहंडीचे थर लागले नाहीत. माणसे घरात आणि सण पंचांगात, अशी ती अवस्था होती. मग आला २२ ऑगस्टचा गणेशोत्सव.

जुलैमध्ये राज्य शासनाने नियम जाहीर केले: सार्वजनिक मंडळाची मूर्ती चार फुटांपेक्षा उंच नसावी, घरगुती मूर्ती दोन फुटांपेक्षा उंच नसावी, आगमनाच्या आणि विसर्जनाच्या मिरवणुका काढू नयेत. वाचणाऱ्यास हा नियम केवळ उंचीचा वाटेल. लालबाग-परळच्या कार्यशाळांत मात्र तो वर्षभराच्या मिळकतीचा प्रश्न होता. पंधरा-वीस फुटांच्या मूर्तीचे काम उन्हाळ्यापासून चालते. सांगाडा, माती किंवा प्लास्टर, रंग, आखणी, दागिने अशा प्रत्येक टप्प्यावर वेगळे हात लागतात. टाळेबंदीत त्यांपैकी कित्येक हात आपापल्या गावी निघून गेले होते. पेणकडील मूर्तिकारांवर तर त्या वर्षी आणखी एक संकट आले. ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाचा तडाखा पेण परिसरातील कारखान्यांनाही बसला. त्याआधी मे महिन्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरील बंदीची चर्चा उठली होती. केंद्र शासनाने ती बंदी वर्षभर पुढे ढकलली, एवढाच काय तो दिलासा.

उत्सव करू नये म्हणणे म्हणूनच सोपे नव्हते. मंडपवाले, ढोल-ताशावाले, बँडवाले, फुलवाले, विजेची रोषणाई करणारे, नारळ विकणारी बाई, या सर्वांची वर्षाची बेगमी त्या दहा दिवसांत होत असते. दुसऱ्या बाजूस, मुंबईच्या चाळींत एका सामाईक नळावर आणि एका शौचालयावर कित्येक कुटुंबे अवलंबून असतात. तेथे रांगा लावून दर्शन घ्यावयाचे म्हणजे साथीला घरी बोलावणे होते. या पेचातून प्रत्येक मंडळाने आपापली वाट काढली आणि त्या वाटा एकसारख्या नव्हत्या.

लालबागच्या राजाच्या मंडळाचा निर्णय सर्वाधिक गाजला. १९३२ साली पेरू चाळीजवळचा बाजार बंद झाला, तेव्हा तेथील कोळी आणि व्यापारी मंडळींनी हक्काच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. नवसातूनच जन्मलेल्या या मंडळाने २०२० मध्ये मूर्तीच न बसविता 'आरोग्योत्सव' करण्याचे ठरविले. रक्तदान झाले, प्लाझ्मादान झाले, कर्तव्य बजावताना मृत्यू पावलेल्या पोलिसांच्या आणि गलवान खोऱ्यात हुतात्मा झालेल्या जवानांच्या कुटुंबांचा सन्मान झाला. अनेकांनी या निर्णयाची वाखाणणी केली. लहान का होईना मूर्ती बसवावी, परंपरा खंडित करू नये, असे म्हणणारेही होते आणि त्यांचे म्हणणे निव्वळ हट्टाचे म्हणता येणार नाही. प्लाझ्माविषयी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. बरे झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्माचा अपेक्षित गुण येत नाही, असे पुढील अभ्यासांत दिसून आले आणि मे २०२१ मध्ये तो उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला. दात्यांच्या हेतूला त्यामुळे उणेपणा येत नाही. त्या ऑगस्टमध्ये डॉक्टरांनाही त्याहून अधिक माहीत नव्हते. रक्ताचे मात्र तसे नव्हते. महाविद्यालये आणि कार्यालये बंद असल्याने नेहमीची शिबिरे थांबली होती, रक्तपेढ्यांना तुटवडा जाणवत होता आणि तो भरून काढण्यात राज्यभरातील मंडळांचे साहाय्य झाले.

पुण्यात मानाच्या पाचही गणपतींची प्रतिष्ठापना साधेपणाने झाली आणि विसर्जनही मंडपातच, हौदात झाले. लक्ष्मी रस्त्यावर चोवीस तासांहून अधिक वेळ चालणारी मिरवणूक त्या वर्षी नव्हती. महापालिकेने फिरते हौद दारोदार पाठविले. भक्त नदीवर जाण्याऐवजी हौदच भक्ताकडे आला. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत, जेथे मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये झाला असे मानतात, तेथे मूर्ती प्रथमपासून लहान असते आणि ती पालखीतून नेतात. चार फुटांच्या नियमाने तेथे काहीच बदलले नाही.

सार्वजनिक उत्सवाची सुरुवात नेमकी कोणी आणि कोठे केली, हा वाद पुणेकरांवर सोपवावा हे बरे. येथे महत्त्वाचे हे की, हा उत्सव जेमतेम तीन-चार वर्षांचा असतानाच त्याने पहिली मोठी साथ पाहिली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरांत शिरू लागले. स्वयंपाकघर, देवघर, माजघर असा भेद त्यांना ठाऊक नव्हता. रुग्ण आहे हे लपविण्याकडे लोकांचा कल होऊ लागला आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडण्यापर्यंत गोष्ट गेली. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपल्या पुत्राच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. रुग्णसेवेतच त्यांना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. साथ एकच, परंतु दार कोण ठोठावतो यावर ते उघडणे न उघडणे अवलंबून होते.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने साथीच्या बंदोबस्तासाठी आधार घेतला तो याच १८९७ च्या कायद्याचा. मात्र या खेपेस दारावरची थाप निराळी होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राज्यभर झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघरी जाणाऱ्या प्रत्येक पथकात एक आरोग्य कर्मचारी आणि त्याच्यासोबत स्थानिक स्वयंसेवक असत. ताप मोजावयाचा, प्राणवायूची पातळी पाहावयाची, मधुमेह-रक्तदाब असलेल्यांची नोंद घ्यावयाची, एवढेच काम. वर्गणीसाठी दहा वर्षे ज्या दारात उभे राहिलो, त्याच दारात तापमापक घेऊन उभे राहणे तरुण कार्यकर्त्यास अवघड गेले नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना औषधे पोहोचविणे, विलगीकरणातील कुटुंबाच्या उंबऱ्याशी दूध ठेवून येणे, ही कामेही ज्यांना घरे माहीत होती त्यांनीच केली.

याच ओळखीची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कोण कोठे राहतो हे ज्यांना माहीत असते, त्यांना कोणाला आत घेऊ नये हेही ठरविता येते. कोकणात त्या श्रावणात हेच दिसले. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी जाणारच. परंतु मुंबईत साथ, गावात म्हातारे आई-बाप आणि रुग्णालय दूर. किती दिवस अलग राहावे यावरून गावे आणि चाकरमानी यांच्यात वाद झाले. अखेर दहा दिवसांचे विलगीकरण ठरले. चतुर्थी २२ तारखेची, म्हणून १२ ऑगस्टच्या आत गावी पोहोचण्याची धावपळ उडाली. नंतर येणाऱ्यास चाचणी करून यावे लागे. स्वतःच्या घरासमोर उभे राहून वाडीच्या परवानगीची वाट पाहणे कित्येकांच्या मनाला लागले. गावकऱ्यांची भीतीही खोटी नव्हती. शहरांतील गृहनिर्माण संस्थांची गोष्ट मात्र इतकी सहज समजून घेता येत नाही. शासनाने मुभा दिल्यानंतरही काही संस्थांनी घरकाम करणाऱ्या बायकांना फाटकावरच अडविले. वाहने मात्र आत-बाहेर होत राहिली. ज्यांच्या हाताला काम नाही त्यांना पगारही नाही, याचा ठराव फारच थोड्या समित्यांनी केला.

आता पैशाविषयी. उत्सव लहान झाला तशी वर्गणीही आटली. कमानींवर जाहिराती देणारे व्यापारी स्वतःच अडचणीत होते. दारोदार फिरणे योग्य नव्हते, म्हणून पावतीपुस्तकाची जागा क्यूआर कोडने घेतली. देशभरात यूपीआयचे व्यवहार एप्रिल २०२० मध्ये सुमारे १०० कोटी होते, ते ऑगस्टमध्ये १६० कोटींच्या पुढे गेले. मंडळांची वर्गणी हा त्यांतील एक लहानसा ओघळ. सोय झाली, पण एक जुनी ढिलाईही उघडी पडली. पुष्कळ मंडळांचे स्वतःचे खातेच नसते आणि वर्गणी खजिनदाराच्या वैयक्तिक क्रमांकावर जमा होते. हे देणाऱ्याच्या दृष्टीने बरे नाही आणि खजिनदाराच्या दृष्टीने तर मुळीच बरे नाही, कारण उद्या हिशेब विचारला गेला तर घरचा पैसा कोणता आणि देवाचा कोणता हे त्याला वेगळे दाखविता येत नाही. नोंदणी नसलेल्या मंडळालाही बँकेत खाते उघडता येते. त्यासाठी कार्यकारिणीचा ठराव, व्यवहार करणाऱ्यांना दिलेले अधिकारपत्र, मंडळाचा पॅन किंवा नमुना ६०, आणि त्या व्यक्तींची ओळखपत्रे लागतात. दोघांच्या संयुक्त सहीची अट घातल्यास उत्तम. शिवाय, विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी न झालेल्या मंडळाने वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी नुसार धर्मादाय कार्यालयाकडे रीतसर परवानगी मागावयाची असते, याचा विसर पडू नये.

महाराष्ट्रातील मंडळांसमोर जो पेच ऑगस्टमध्ये होता, तोच दोन महिन्यांनी बंगालमधील पाड्यांसमोर उभा राहिला. पाडा म्हणजे तिकडची आळी, आणि आळीचा क्लब म्हणजे आपले मंडळ. तेथेही दारोदारची वर्गणी आहेच, तिला 'चांदा' म्हणतात. त्या वर्षी अधिक आश्विन आल्यामुळे महालया १७ सप्टेंबरला आणि दुर्गाषष्ठी थेट २२ ऑक्टोबरला, असे पाच आठवड्यांचे अंतर पडले होते. राज्य सरकारने सुमारे ३७,००० पूजा समित्यांना प्रत्येकी ५०,००० रुपये देऊ केले. त्यातील तीन-चतुर्थांश रक्कम मुखपट्ट्या आणि जंतुनाशकांवरच खर्च करावी, असे कोलकाता उच्च न्यायालयाने बजावले. त्यानंतर १९ ऑक्टोबरला न्यायालयाने सर्व मंडप दर्शकांसाठी बंद केले. लहान मंडपाभोवती पाच मीटर आणि मोठ्या मंडपाभोवती दहा मीटर मोकळी जागा राखावयाची, आत केवळ नावे लावलेले कार्यकर्ते. षष्ठीला तीन दिवस उरले होते. संतोष मित्र स्क्वेअरच्या समितीने तत्पूर्वीच आपण होऊन मंडप बंद ठेवण्याचे जाहीर केले होते. ढाक वाजविणारे ढाकी दरवर्षी खेड्यांतून शहरात येतात. दोन दिवसांनी न्यायालयाने आदेश थोडा सैल केला, तेव्हा मोकळ्या जागेत वाजविण्याची मुभा त्यांना मिळाली. बेहालाच्या बरिशा क्लबने त्या वर्षी देवी घडविली ती कडेवर मूल घेतलेल्या स्थलांतरित मजूर स्त्रीच्या रूपात. उघड्या पाठीची, थकलेली, टाळेबंदीत पायी गावी निघालेली. दर्शनास बंदी असूनही तिचे छायाचित्र देशभर पोहोचले.

२०२१ सालीही चार फुटांची मर्यादा कायम राहिली. लालबागला मूर्ती बसली, पण दर्शन घरबसल्या, पडद्यावर. निर्बंध उठले ते २०२२ मध्ये. उंचीची अट काढल्याची घोषणा २१ जुलैला झाली आणि चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. मंडळांनी पुन्हा उंच मूर्तींची मागणी नोंदविण्यासाठी परळच्या कार्यशाळांकडे धाव घेतली. मूर्तिकारांच्या हाती एकेचाळीस दिवस होते, आणि भर पावसाळ्यात प्लास्टर वाळावयास किती वेळ लागतो हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?