व्हीटेकवाली सिटी

जुन्या गाडीचं बाजारातलं गणित साधं असतं: मॉडेल जितकं जुनं, तितका भाव कमी. होंडा सिटीच्या २००० ते २००३ मधल्या व्हीटेक मॉडेलपाशी मात्र हे गणित फसतं. एखादी धड अवस्थेतली व्हीटेक विकायला निघाली की तिच्या जन्माच्या वेळी पाळण्यात असलेली पोरं ती बघायला येतात. सीट, एसी, म्युझिक सिस्टीम यांची चौकशी नंतर. आधी बॉनेट उघडायला लावतात.

होंडाने सिएल या भारतीय भागीदाराबरोबर १९९५ मध्ये कंपनी काढली, ग्रेटर नोएडाला कारखाना टाकला आणि जानेवारी १९९८ मध्ये सिटी बाजारात आणली. सुरुवातीला इंजिनं दोन, १.३ आणि १.५ लिटर. साल २००० मध्ये त्यात व्हीटेकची भर पडली. पेट्रोल इंजिन दीड लिटरचंच, पण ताकद १०६ अश्वशक्ती. मारुती ८०० चाळीस-पंचेचाळीसच्या घरात होती, त्या काळातली ही गोष्ट. २००३ च्या अखेरीस नवी सिटी आली ती ७७ अश्वशक्तीचं, मायलेज देणारं इंजिन घेऊन. घरच्यांना ती आवडली आणि शौकिनांनी जुनीचा शोध सुरू केला.

या १०६ अश्वशक्तीचं मर्म इंजिनाच्या माथ्यावर आहे. व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. उंचवटा लहान असेल तर गाडी शहरात शांतपणे, कमी पेट्रोलवर चालते. मोठा असेल तर वेग मिळतो, पण सिग्नलला इंजिन अडखळतं. होंडाचे अभियंते इकुओ काजितानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही उंचवटे एकाच कॅमवर बसवले, तेच व्हीटेक, आणि १९८९ च्या इंटेग्रामध्ये १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती काढून दाखवली. सिटीत त्याच कल्पनेची साधी आवृत्ती आहे. प्रत्येक सिलिंडरच्या हवा आत घेणाऱ्या दोन व्हॉल्व्हवर तीन रॉकर आर्म असतात. एरवी मधला आर्म नुसताच हलत राहतो. इंजिनाच्या फेऱ्या ठरावीक आकड्यापुढे गेल्या की सोलेनॉइड उघडतो, ऑइलच्या दाबाने एक बारीक पिन सरकते आणि तिन्ही आर्म एकत्र जखडले जातात. आता दोन्ही व्हॉल्व्ह मधल्या, उंच उंचवट्याच्या तालावर उघडतात. इंजिनाचा आवाज बदलतो आणि सीट पाठीला ढकलते. याच क्षणासाठी लोक ही गाडी घेतात.

घेतल्यावर हात शिवशिवतात. आधी मोकळा एअर फिल्टर, मग हेडर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर. त्यानंतर अलॉय आणि गाडी बसकी करणाऱ्या स्प्रिंग. पुढच्या जाळीवर होंडाच्या टाइप-आर गाड्यांची खूण असलेला लाल ‘एच’ लागतो, आत इंजिन कोणतंही असो. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्यात नाना पेठ हे या हौसेचे जुने पत्ते. ज्यांची भूक एवढ्यानेही भागत नाही ते ‘हाफ-कट’ शोधतात. परदेशात मोडीत निघालेल्या गाडीचा इंजिन-गिअरबॉक्ससकट पुढचा अर्धा भाग, तो हाफ-कट. बसक्या गाडीची पहिली परीक्षा सोसायटीच्या गेटपाशीच होते. चौघे बसलेले असताना स्पीडब्रेकर आला की दोघांना उतरावं लागतं, नाहीतर सायलेन्सर खरवडतो.

कायदा या हौसेकडे कौतुकाने बघत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. विमा कंपनीला बदल कळवले नसतील तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. तिचं शुल्क २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं आणि २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या कारला १०,००० रुपये झालं. त्यामुळे पासिंगच्या आठवड्यात अनेक गाड्या पुन्हा साध्या-सोज्वळ होतात आणि सही-शिक्का मिळाला की मूळ पदावर येतात.

देखभालीत मात्र ही गाडी फारशी छळत नाही. व्हीटेक सोलेनॉइडचं सील कडक होऊन ऑइल झिरपतं, पण ते बदलणं सोपं. टायमिंग बेल्टची हयगय मात्र महागात पडते. ऑइलच्या दर्जात काटकसर करू नये, कारण ती पिन ऑइलच्याच दाबावर सरकते.

विकायची वेळ आली की हौसेचा हिशेब समोर येतो. स्प्रिंग, अलॉय, सायलेन्सरवर घातलेला पैसा गिऱ्हाईक मोजत नाही. उलट किंमत पाडून मागतो, कारण आधीच्या मालकाने इंजिन किती पिळलंय याचा त्याला भरवसा नसतो. जाणकार मालक म्हणूनच मूळ सुटे भाग माळ्यावर जपून ठेवतात. गाडी ‘स्टॉक’ करून एकाला विकायची, हौसेचं सामान दुसऱ्याला. काही जण सगळी गाडीच सुटी करून विकतात. तसं करायचं असेल तर सांगाडा अधिकृत स्क्रॅप केंद्रात जमा करून नोंदणी रद्द करून घ्यावी.

आज सर्वांत जास्त मागणी आहे ती कुणी हात न लावलेल्या व्हीटेकला, आणि ते रास्तच आहे. या गाडीतला सर्वांत चांगला फेरफार कारखान्यातच झाला होता. तेव्हा घ्यायची असेल तर कमीत कमी मालकांची, मूळ इंजिनाची घ्या. द्यायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून थांबू नका, आरसीवर नव्या मालकाचं नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीवर ज्याचं नाव आहे त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगून ठेवलं आहे.