त्वचेखाली भरलेला ‘कॅल्शियम’: आपली ऊती त्याचं काय करते?



चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरून काढणाऱ्या ‘फिलर’च्या जाहिराती आता मुलांच्या मोबाइलवरही दिसतात. “यात हाडातलंच कॅल्शियम आहे, म्हणजे नैसर्गिक आणि निर्धोक” असं त्यात सांगतात. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजायला नववीतला ‘ऊती’ हा पाठ पुरतो.

या फिलरमधल्या खनिजाचं नाव कॅल्शियम हायड्रॉक्सिअपॅटाइट. आपली हाडं आणि दात याच प्रकारच्या कॅल्शियम-फॉस्फेट खनिजाने कठीण झालेले असतात. फिलरसाठी मात्र ते कारखान्यात बनवतात. त्याचे 25 ते 45 मायक्रॉन व्यासाचे गुळगुळीत गोळे एका पाणीदार जेलमध्ये मिसळलेले असतात. घनफळाने साधारण 30 टक्के गोळे आणि 70 टक्के जेल. 1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

सुई टोचली की खळगा लगेच भरलेला दिसतो, पण ती करामत जेलची असते. खरी गोष्ट पुढे सुरू होते. बाहेरची वस्तू आत आली हे शरीर ओळखतं आणि मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, तिथे जमतात. काही आठवड्यांत-महिन्यांत जेल शोषलं जातं. गोळे मात्र मागे राहतात, कारण एवढा मोठा गोळा एका भक्षक पेशीला गिळता येत नाही. हे कण फार बारीक असते, तर तिने ते केव्हाच उचलून नेले असते.

मग संयोजी ऊतीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी गोळ्यांभोवती कोलॅजनचे धागे विणू लागतात. दोडक्याचा वेल मांडवावर चढतो ना, तसंच. पुढे मांडव हळूहळू झिजतो: गोळ्यांचे कॅल्शियम आणि फॉस्फेट आयन होतात आणि ते शरीराच्या नेहमीच्या चयापचयात मिसळतात. परिणाम साधारण वर्ष-दीड वर्ष टिकतो. त्वचेखाली हाड मात्र तयार होत नाही, कारण तिथे हाड घडवणाऱ्या पेशीच नसतात.

म्हणजे बघा, शरीर या पदार्थाला ‘आपलं’ समजून गप्प बसत नाही. ते प्रतिसाद देतं, आणि तो प्रतिसाद हाच उपचार असतो. तो माफक असला तर त्वचा भरते, जास्त झाला तर गाठ होते. ओठांत हे फिलर देत नाहीत त्याचं कारणही हेच. ओठांचे स्नायू सतत हलतात, गोळे एका जागी गोळा होतात आणि गाठी हाताला लागतात.

आणखी एक फरक पालकांनी लक्षात ठेवावा. हायल्युरॉनिक आम्लाचं फिलर बिघडलं तर हायल्युरॉनिडेज नावाचं विकर टोचून ते विरघळवता येतं. खनिजाच्या गोळ्यांवर असा उतारा नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर रक्तपुरवठा अडतो, त्वचेचा भाग मरू शकतो, क्वचित दृष्टीही जाते. हे गोळे एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्येही दिसतात, म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या फिलरला 2006 साली मान्यता दिली, ती नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्यांसाठी आणि एचआयव्हीबाधितांच्या गालांतली चरबी झडल्याने पडलेल्या खळग्यांसाठी. त्वचेखालच्या फिलरबद्दल हीच संस्था सांगते की मान्यता 22 वर्षं आणि त्यापुढच्या प्रौढांसाठीच आहे. तेव्हा लग्नसमारंभाआधी कोणी पार्लरमध्ये “कॅल्शियमचं साधं इंजेक्शन” घ्यायला सुचवलं, तर तीन प्रश्न विचारा: नेमका पदार्थ कोणता? टोचणारी व्यक्ती प्रशिक्षित डॉक्टर आहे का? काही बिघडलं तर तो काढणार कसा?

वर्गात हा विषय निघाला तर मुलांना एवढंच विचारा: “पदार्थ ओळखीचा आहे म्हणून तो कुठेही ठेवला तर चालेल का?” हाडात जे खनिज आधार देतं, तेच त्वचेखाली पाहुणं असतं. पाहुण्याची सरबराई कशी होणार, हे तिथल्या पेशी ठरवतात.