चाहत्यांच्या मॉडला जामीन कोण राहणार?

‘ब्लॅक मेसा’ या व्हिडिओ गेमचे जुने नाव ‘ब्लॅक मेसा: सोर्स’ असे होते. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचा १९९८ सालचा ‘हाफ-लाइफ’ तिच्याच नव्या ‘सोर्स’ इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या पायाभूत प्रोग्रॅमवर, पुन्हा उभा करायचा विडा काही चाहत्यांनी उचलला होता. पगार नाही, कंत्राट नाही, सगळे फावल्या वेळातले काम. व्हॉल्व्हने ते अडवले नाही. नावातला ‘सोर्स’ तेवढा काढायला सांगितला, कारण गेम कंपनीचाच आहे असा लोकांचा समज व्हायला नको होता. २०१२ मध्ये तो फुकट मिळू लागला. २०१५ पासून व्हॉल्व्हच्या परवानगीने तिच्याच ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात विकला जाऊ लागला आणि २०२० मध्ये पुरा झाला. आधी चालू दिले, मग अंतर राखायला लावले, शेवटी विक्रीला होकार दिला. मूळ गेममध्ये चाहत्यांनी केलेल्या अशा फेरफारांना, म्हणजे मॉडना, कंपनीने मान्यता कधी द्यावी याचा विचार याच पायऱ्यांनी करायला हवा. मॉड सरस आहे का, हा प्रश्न त्यात सर्वांत सोपा आणि म्हणूनच फसवा. मान्यता देणे म्हणजे जामीन राहणे. त्यामुळे उद्या काही बिनसले तर उत्तर द्यायला मी उभी राहीन का, हे कंपनीने आधी स्वतःला विचारले पाहिजे.

गुणवत्तेवरच सगळे ठरते, असा समज होण्यामागे इतिहास आहे. १९९३ च्या ‘डूम’मध्ये नकाशे, चित्रे, आवाज ही सामग्री मुख्य प्रोग्रॅमपासून वेगळ्या फायलींत ठेवलेली होती. त्यामुळे मूळ गेमला हात न लावता चाहत्यांना आपले नकाशे जोडता येत. त्यांतलाच ‘टीएनटी: एव्हिल्युशन’ हा संच फुकट वाटला जाणार होता, ‘डूम’ची निर्माती इड सॉफ्टवेअर हिने तो विकत घेतला आणि १९९६ च्या ‘फायनल डूम’मधून बाजारात आणला. मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’वर रचलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ तर मूळ गेमपेक्षा मोठा झाला. पण या दोन्ही ठिकाणी कंपनीने नुसती पाठ थोपटली नव्हती. इडने पैसे मोजले. व्हॉल्व्हने २००० मध्ये हक्क घेतले आणि दोघा निर्मात्यांनाही कामावर घेतले. गुणवत्तेमुळे नजर गेली हे खरे, पण शिक्का बसला तो व्यवहार आणि जबाबदारी चोख झाल्यावर.

जामिनकीची पहिली कसोटी हक्कांची. एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्ह आणि ‘स्कायरिम’ या गेमची कंपनी बेथेस्डा यांनी त्या गेमचे मॉड स्टीमवर विकायला परवानगी दिली. निर्मात्याचा वाटा होता २५ टक्के. सुरुवातीच्याच मालात मासेमारीचा एक मॉड होता. पात्राच्या हालचालींसाठी तो दुसऱ्या एका मॉडरच्या फुकट वाटलेल्या कामावर टेकलेला होता आणि त्या मॉडरची संमती कुणी घेतलेली नव्हती. बोभाटा झाला, मॉड मागे घेतला गेला आणि आठवडा उलटायच्या आत सगळी योजनाच गुंडाळून गिऱ्हाइकांचे पैसे परत करावे लागले. मॉड एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. वरच्याला शिक्का देताना खालच्यांची परवानगी तपासावीच लागते. जानेवारी २०२४ मध्ये व्हॉल्व्हने हेच दुसऱ्या बाजूने दाखवले. ‘पोर्टल’ या तिच्या गेमच्या जगावर बेतलेला ‘पोर्टल: रेव्होल्यूशन’ हा मॉड त्या महिन्यात स्टीमवर आला, आणि त्याच महिन्यात ‘पोर्टल ६४’ मागे घ्यायला कंपनीने सांगितले. जुन्या निन्टेंडो ६४ यंत्रावर ‘पोर्टल’ चालवून दाखवणारी ती करामत थक्क करणारी होती. पण तिच्यात निन्टेंडोच्या मालकीचा कोड वापरलेला होता, आणि तिसऱ्याच्या मालाला व्हॉल्व्ह जामीन कशी राहणार?

दुसरी कसोटी सुरक्षिततेची. मॉड म्हणजे बहुधा खेळाडूच्या संगणकावर चालणारा परक्याचा प्रोग्रॅम. जून २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या काही मॉडमधून ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला. मॉडरांची खाती ताब्यात घेऊन तो ओळखीच्या, लोकप्रिय मॉडमध्ये घुसवला होता. म्हणजे आज निर्धोक असलेला मॉड उद्याच्या अपडेटने घातक होऊ शकतो. म्हणून शिक्का मॉडच्या नावावर कायमचा मारून चालत नाही. तो तपासलेल्या आवृत्तीपुरता द्यावा आणि काढून घेण्याची सोय ठेवावी.

तिसरी कसोटी पैशाची. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’सोबत खेळाडूंना नकाशे रचण्याचे साधन दिलेले होते, अट एकच, ते नकाशे फुकट वाटायचे. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने चाहत्यांचे तीनशे नकाशे गोळा करून सीडीवर विकायला काढले. तिचा बचाव असा, की नकाशाच्या फाइलमध्ये मूळ गेममधले एकही चित्र नाही. कोणते चित्र कुठे लावायचे एवढ्याच सूचना आहेत. ते खरेही होते. तरी १९९८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ठरवले, की हे नकाशे ड्यूकच्या कथेचे पुढचे भाग ठरतात आणि पुढचे भाग काढण्याचा हक्क मूळ मालकाचा. कंपन्यांनी यातून घ्यायचा धडा दिलासा देणारा आहे. मर्यादित परवानगी दिली म्हणून हक्क हातचे जात नाहीत.

यावर वकिली आक्षेप असा, की होकारही नको आणि नकारही नको; गप्प राहावे, म्हणजे अंगाशी काही येत नाही. अनुभव वेगळे सांगतो. २००५ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मधला दडवलेला लैंगिक प्रसंग ‘हॉट कॉफी’ या मॉडने उघडा केला. गेमची कंपनी रॉकस्टार हिने आधी खापर मॉडरांवर फोडले. पण प्रसंग कंपनीच्याच डिस्कवर होता. गेमला ‘फक्त प्रौढांसाठी’ असे मानांकन मिळाले आणि मोठ्या दुकानांनी तो फळीवरून उतरवला. मौनाची झळ चाहत्यांनाही बसते. ‘फॉलआउट: लंडन’ हा स्वयंसेवकांचा प्रचंड मॉड एप्रिल २०२४ मध्ये यायचा होता. त्याच सुमारास बेथेस्डाने मूळ ‘फॉलआउट ४’चे अपडेट काढले, त्याने मॉड मोडण्याचा धोका होता, म्हणून तो जुलैपर्यंत लांबला. कंपनीने मॉडची जबाबदारी घेतली नव्हती, म्हणून वेळ सांभाळण्याचे बंधनही तिच्यावर नव्हते. शिवाय ‘हक्क बजावला नाही तर तो बुडतो’ ही भीती ट्रेडमार्कच्या बाबतीत काहीशी रास्त असली, तरी कॉपीराइटला ती लागू नाही.

दुसरा आक्षेप चाहत्यांचा, आणि तो जास्त वजनदार आहे: मान्यता आली की मालकी येते. ब्लिझार्ड कंपनीच्या ‘वॉरक्राफ्ट ३’मधून ‘डोटा’ हा मॉड जन्मला आणि त्याचा पुढचा अवतार व्हॉल्व्हच्या पदरात पडला. हात पोळलेल्या ब्लिझार्डने २०२० च्या ‘वॉरक्राफ्ट ३: रीफोर्ज्ड’सोबत नियमच केला, की खेळाडूंनी रचलेले सगळे नकाशे कंपनीचे. याला मान्यता म्हणता येणार नाही. धोका चाहत्याचा आणि फळ कंपनीचे, असा हा सौदा आहे. मान्यतेवाचून मॉड जगत नाहीत असेही नाही. ईए कंपनीच्या ‘क्रिकेट ०७’नंतर तिचा नवा क्रिकेट गेम आलाच नाही. पण २००८ मध्ये आयपीएल सुरू झाल्यावर आपल्याकडच्या पोरांनी नवे संघ, नव्या जर्सी घालून तो जुना गेम वर्षानुवर्षे खेळता ठेवला. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ने तर वाहनांचे मॉड घालायची सोय गेममध्येच ठेवली, म्हणून तिथे एसटीची लालपरीही धावते. अशा मॉडना प्रत्येकी शिक्का लागत नाही, सर्वांसाठी एक सैल परवानगी पुरते.

तेव्हा परवानगी उदार असावी आणि शिक्का कंजूष. फुकट, स्वतःच्या नावाने, मूळ गेम लागणारा मॉड कुणीही करावा. कंपनीने आड येऊ नये. आपल्या दुकानात किंवा आपल्या नावाने मॉड ठेवायचा असेल, तर हक्क आणि सुरक्षितता तपासावी. पैसे घ्यायचे ठरले, तर निर्मात्याशी लेखी करार करावा आणि आपल्या अपडेटने त्याचे काम मोडणार असेल तर ते त्याला आधी कळवावे. हे तपासणे लहान कंपनीला परवडत नसेल, तर तिने पहिल्याच पायरीवर थांबावे. त्यात कमीपणा नाही. मात्र या पायऱ्या मॉड गाजल्यावर जाहीर करून उपयोग नाही. ‘ब्लॅक मेसा’सारख्या कामात माणसांची उमेदीची वर्षे जातात. त्यामुळे कुठवर जाता येईल हे त्यांना काम हाती घेण्याआधीच कळले पाहिजे.