पोटरीस यंत्राचें साह्य

गुडघ्याचा वा खुब्याचा सांधा बदलल्यावर घरच्यांचें लक्ष जखमेकडे असतें. पण धोका पोटरीच्या खोल शिरेंतहि असतो. चालतांना पोटरीचे स्नायु शिरा दाबून रक्त वर हृदयाकडे ढकलतात. रोगी निजून राहिला कीं हा प्रवाह मंदावतो, रक्त गोठतें. आणि गुठळी सुटून फुप्फुसांत अडकली तर प्राणावर बेततें. म्हणून पायास हवेची पिशवी गुंडाळतात. यंत्र ती वारंवार फुगवून पोटरी दाबतें व सोडतें. औषधानें वाढूं शकतो तसा यानें रक्तस्राव वाढत नाहीं. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स या संस्थेनें २०१२ सालीं रोज १८ तास वापराचें ध्येय सांगितलें. तेव्हां रोगी कंटाळला म्हणून पिशवी सोडूं नये. आणि पायांत आधींच गुठळी असल्यास डॉक्टरांस विचारल्यावांचून ती बांधूंहि नये.