कोंदोर्सेचे दहा कालखंड

मानवी इतिहास म्हणजे ईश्वरी योजनेचा उलगडा, ही युरोपातली जुनी समजूत अठराव्या शतकात ढिली पडली. 1750 मध्ये पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये तरुण फ्रेंच विचारवंत तुर्गोने मांडले, की ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या साठत जाते आणि चुकतमाकत का होईना, मानवजात पुढे सरकते. या विचाराला सर्वांत धीट रूप दिले ते त्याचा मित्र कोंदोर्से याने.

कोंदोर्से मूळचा गणिती. तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या बाजूचा. पण जॅकोबिन या क्रांतिकारी गटाच्या राज्यघटनेवर टीका केल्यामुळे 1793 मध्ये त्याच्याच अटकेचा हुकूम निघाला. पॅरिसमधल्या एका घरात लपून त्याने मानवी बुद्धीच्या प्रगतीची रूपरेषा लिहिली. टोळीजीवनापासून फ्रेंच प्रजासत्ताकापर्यंत नऊ कालखंड, आणि दहावा भविष्याचा. छपाईला त्यात मोठे स्थान आहे: ज्ञान असंख्य प्रतींतून पसरले, की राजाला किंवा धर्मगुरूला ते पुसून टाकता येत नाही. पुढे राष्ट्राराष्ट्रांतली आणि स्त्री-पुरुषांमधली विषमता सरेल, आयुर्मान वाढत जाईल, असे त्याचे भाकीत. जीव धोक्यात असलेल्या माणसाने हे लिहावे, याचे नवल वाटते. मार्च 1794 मध्ये तो कोठडीत मरण पावला. पुस्तक 1795 मध्ये निघाले.

आक्षेपही आले. 1798 मध्ये इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसने अन्नापेक्षा वेगाने वाढणाऱ्या लोकसंख्येकडे बोट दाखवले. जर्मनीत तत्त्वज्ञ हेर्डरने तर 1774 मध्येच बजावले होते, की प्रत्येक युगाचे सुख त्याच्याच मापाने मोजावे. युरोपच्या गजाने नव्हे.