ओला-उबरला गाडी लावण्याआधी

‘महिन्याला साठ हजार कुठे गेले नाहीत,’ हे गाडी लावू पाहणाऱ्या तरुणाला सगळेच सांगतात. आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो गल्ल्याचा असतो, कमाईचा नव्हे. पुण्यातला एक दिवस कागदावर मांडून बघा. समजा, गाडी 150 किलोमीटर फिरली. त्यातले भाड्याचे 100. बाकीचे 50 पिकअपला पोचण्यात आणि रिकामं परतण्यात गेले. कमिशन वजा जाता हातात 1,800 रुपये आले. सीएनजी किलोमीटरमागे साडेचार रुपये धरला, तर 675 गेले. आठ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 17,000. महिन्यात 26 दिवस गाडी चालली तरी दिवसाला 650. उरले 475. विमा, टायर, सर्व्हिसिंग, दुपारचं जेवण अजून यातूनच जायचं आहे, आणि हिंजवडीच्या कोंडीत गेलेले दहा-बारा तास वेगळेच. वरवर 18 रुपये दिसणारा किलोमीटरचा दर खरं तर 12 रुपयांचा निघाला. हप्ता नसलेल्या गाडीचं गणित मात्र अगदी वेगळं येतं. म्हणून नवी गाडी उचलण्याआधी दोन-तीन महिने दुसऱ्याची गाडी चालवून रोजचा हिशेब वहीत लिहावा, असं मी आग्रहाने सांगेन.

‘इन्सेंटिव्हवर हप्ता निघतो’ हा समज तर घरं बुडवणारा आहे. सुरुवातीच्या वर्षांत कंपन्यांनी इन्सेंटिव्ह भरभरून दिले आणि त्या भरवशावर अनेकांनी कर्जं काढली. पुढे ते आटले, हप्ते मात्र तसेच राहिले. 2018 मध्ये मुंबईतले चालक मार्चमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये संपावर गेले, त्यामागे हीच कोंडी होती.

‘आपणच आपले मालक’ हे अर्धंच खरं. अ‍ॅप कधी चालू करायचं ते तुम्ही ठरवता; भाडं ठरवत नाही, आणि तक्रार आली की आयडीही बंद होऊ शकतो. केंद्राच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्यातला किमान 80 टक्के वाटा मिळायला हवा; गाडी कंपनीची असेल तर 60 टक्के.

घरची पांढऱ्या पाटीची गाडी तशीच लावता येत नाही. परमिट, पिवळी पाटी आणि व्यावसायिक विमा लागतो. नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. पासिंग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. हलक्या टॅक्सीसाठी वेगळं व्यावसायिक लायसन्स हवंच, हा समज मात्र सोडून द्यावा: 7,500 किलोपर्यंतच्या वाहनाला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला.

‘काही झालं तर कंपनी बघेल’ यावर विसंबू नये. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि तिने गिग कामगारांची दखल घेतली, पण त्यामुळे चालक कंपनीचा नोकर होत नाही. भरपगारी रजा नाही. केंद्राच्या सूचनांत पाच लाखांचा आरोग्य विमा आणि दहा लाखांचा मुदत विमा कंपनीने काढावा असं म्हटलं आहे. आयडी सुरू करतानाच त्या पॉलिसींचे क्रमांक मागून घ्या आणि घरच्यांकडे देऊन ठेवा.